तीस फुटांचा उतार

नानासो जावई पंचमीला आले ते हातात पेढ्यांच्या पुड्याऐवजी मोजमापाची टेप घेऊन. तेव्हाच विजयमालेच्या लक्षात आलं, की यंदाचा सण काही सरळ पार पडायचा नाही.

एसटीतून आधी तिची नणंद बनुबाई उतरली होती. मग टपावरून एक लांबलचक लोखंडी दांडा उतरला, सायकलच्या ट्यूबांनी भरलेली पिशवी उतरली, आणि सगळ्यांत शेवटी जावई. तो दांडा सामान की प्रवासी, यावर ते सांगलीपासून कंडक्टरशी वाद घालत आले होते आणि अजून त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

"दाजी, ह्यो कसला दांडा म्हनायचा?" पाण्याचा तांब्या पुढं करत विजयमालेनं विचारलं.

"एसटीचाच आहे वहिनी. भंगारात काढलेल्या गाडीचा. लोक धरून उभे राहतात ना, तो. न्हाणीत भिंतीला ठोकायचा, सयाजीरावांना धरायला. आणि ट्यूबांची गादी करायची. एका जागी बसून माणसाची कातडी सोलते, सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलंय."

विजयमालेला नणंदेचा हा नवरा मनापासून आवडायचा. विश्रामबागेत राहून सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियरकी करणारा माणूस, दिसेल ते मोजायचा. स्वतःच्या लग्नात मांडवाची मेढ कलली आहे असं त्यानं बोहल्यावरून सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही, आणि मंगलाष्टकं संपायच्या आत मांडव भटजींच्या अंगावर आला होता.

पण आज जावई सरळ घराच्या दारात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी टेप लावली ती उंबऱ्याला. घरात जणू कुणी ताट पाडलं. चुलीपुढून रंगूबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी जावयाकडं न बघता लेकीला विचारलं, "बनू, तुझं मालक उंबऱ्यावर का बसल्यात ग? सनाचं कुनी उंबऱ्यावर बसतं व्हय?"

"बसले नाहीत आये, मोजायला लागलेत."

"उंबऱ्याचं काय मोजायचं? माझ्या सासूच्या वक्ताचा हाय त्यो."

"पाच इंच," जावई मान वर न करता म्हणाले. "आणि जोतं अडीच फूट. काढावा लागेल."

"जोतं?"

"उंबरा."

रंगूबाई वळल्या. त्या परत चुलीपुढं गेल्या आणि पुरणाच्या दिंडांवर झाकण असं काही आपटलं की परड्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो विजयमालेचा धाकटा दीर सयाजी सोप्यात, दारामागच्या मोठ्या खोलीत, चाकाच्या खुर्चीत बसून लाह्या खात होता. दोन वर्षांपूर्वी लडाखच्या रस्त्यावर लष्कराचा ट्रक घसरून खाली गेला आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. कमरेखाली काही कळत नव्हतं. गावाला मात्र ट्रक पसंत नव्हता. गावानं परस्पर त्याला गोळी लावली होती, आणि सयाजीनं कितीही वेळा ट्रक सांगितला तरी लोक "साधा मानूस, बोलून दावत न्हाई" असं म्हणून हात जोडायचे. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून चैत्रात तो घरी आला तो या खुर्चीसकट. खुर्ची चांगली, पण ती सोप्यातल्या सोप्यात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा वेळा चाकं फिरवली की सोपा संपत होता. उंबऱ्याच्या पलीकडं तीन उंच दगडी पायऱ्या, मग अंगण. तो बसलेला नसला की विजयमाला खुर्चीवर सांडगे वाळत घालायची. तिला त्याची लाज वाटायची, पण ऊन तेवढं तिथंच यायचं.

"दाजी, मला पुन्यात दर आठवड्याला मोजत हुते," सयाजी म्हणाला. "आता घराची पाळी आली म्हना की."

"सयाजीराव, मी सांगलीच्या दवाखान्यात जाऊन आलो. स्ट्रेचर न्यायला तिथं उतार बांधलाय. तो मोजला. रखवालदारानं हटकलं, म्हटलं सरकारी काम आहे. एकास बारा. म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी पाहिजे. मग माणूस स्वतःच्या हातानं चाक फिरवून वर येतो, कुणी ढकलावं लागत नाही."

"कुनी म्हंजे कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

सयाजीनं लाह्या खायच्या थांबवल्या. विजयमालेनं ते पाहिलं, आणि ती आपणहून टेपचं दुसरं टोक धरायला अंगणात उतरली.

तिथं घोटाळा झाला. अडीच फूट गुणिले बारा, तीस फूट झाले. अंगण अठरा फुटांवर संपत होतं. वळवावं म्हटलं तर डावीकडं गोठा, उजवीकडं जमिनीखाली धान्याचं पेव, त्यावर वजन चालायचं नाही. आणि समोर अठरा फुटांवर होता कोंडीबातात्याचा गडगा.

कोंडीबातात्या म्हणजे रंगूबाईंच्या मालकांचा चुलतभाऊ. दोन घरांमध्ये एका शेवग्याच्या झाडावरून वाद झाला, शेंगा कुणाच्या अंगणात पडतात आणि झाड कुणाच्या अंगणात उभं आहे यावरून. तात्यानं रागानं सुट्या दगडांचा कमरेइतका गडगा रचला. झाड पुढच्याच वर्षी वाळून गेलं. गडगा मात्र आठ वर्षं उभा होता आणि आठ वर्षं दोन्ही घरांत शब्द नव्हता.

"बारा फूट तात्याच्या अंगनात जातंय," विजयमाला हळूच म्हणाली.

"मग त्यांना विचारू," जावई म्हणाले. या घरातल्या सगळ्या भांडणांची त्यांना माहिती होती, पण मापापुढं त्यांना भांडण दिसायचं नाही.

*

विजयमालेचा नवरा जोतीराम शेतातून आला तेव्हा अंगणात चुन्यानं दोन रेघा मारलेल्या होत्या. त्या उंबऱ्यापासून निघून गडग्याला जाऊन धडकत होत्या.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो पागोटं सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. रोज संध्याकाळी उसाचं पाणी बदलून आला, की तो धाकट्या भावाला पाठीवर घ्यायचा आणि पारापर्यंत नेऊन बसवायचा. तरुणपणी त्यानं कडेगावच्या मैदानात कुस्त्या मारल्या होत्या. त्या पाठीचा काही उपयोग उरला नव्हता, तो या चार महिन्यांत पुन्हा झाला होता. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. ते त्याला गोड लागायचं, आणि लागतं म्हणून मनात थोडं खटकायचंही.

"माझी पाठ हाय की," तो म्हणाला. "तीस फुटांचं काय नडलंय?"

"दादा, तुझी पाठ लय चांगली हाय," सयाजी म्हणाला. "पर दिवसभर ती शेतात अस्ती."

"मग काय सकाळचं कुटं जायाचं असतं तुला?"

"ते अजून ठरीवलं न्हाई."

बनुबाई मध्ये पडली. "दादा, उगंच हट्ट करू नगंस. आईला तू सांग. तुझं ऐकंल ती."

"आईचं बराबर हाय. उंबरा काडायचा म्हंजे काय चेष्टा हाय? आन त्या कोंडीबाच्या दारात मी जानार न्हाई. त्यापरास..." जोतीरामनं इकडंतिकडं पाहिलं. गोठ्याला ऊसगाडीच्या दोन फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. "त्यापरास ह्यो घ्या तुमचा उतार!"

त्यानं फळ्या आणल्या आणि दारापासून अंगणात खाली लावल्या. नानासोंनी लगेच टेप लावली.

"हा एकास तीन पडतोय. खुर्ची जाईल. पण थांबणार नाही."

"थांबायला बिरेक हाय की तिला."

"दादा," सयाजी म्हणाला, "त्यो बिरेक उभ्या गाडीचा हाय. पळत्या गाडीचा न्हाई."

"तू खाली हो. आदी मी बसून दावतो."

विजयमालेनं नवऱ्याला डोळ्यांनी खूण केली. ती खूण लग्नापासून कधी लागू पडली नव्हती, आजही पडली नाही. सयाजीला उचलून कॉटवर ठेवलं. खुर्ची उंबऱ्यावरून पलीकडं घेतली. जोतीराम तिच्यात बसला. तो बसल्यावर खुर्ची दिसेनाशी झाली, नुसती दोन चाकं दिसत राहिली. त्यानं फळीवर चाक घातलं, आणि "बगा आता" असं म्हणायला तोंड उघडलं.

ते तोंड तसंच उघडं राहिलं. अंगण कुठून कुठं गेलं ते त्याला कळलंच नाही. एक कोंबडी समोर होती ती नव्हती. तुळस उजव्या हाताला होती ती मागं गेली. त्यानं ब्रेक ओढला, तो हातात आला. श्रावणातल्या झडीनं आधीच फुगलेला गडगा समोर आला, आणि मग दगड, धूळ, आरडाओरडा, आणि एकदम शांतता.

जोतीरामनं डोळे उघडले तेव्हा तो खुर्चीतच होता. खुर्ची मात्र कोंडीबातात्याच्या अंगणात होती. समोर बाजेवर तात्या बसला होता. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात वस्तरा, अर्ध्या गालाला साबण. आठ वर्षांत तात्या बराच म्हातारा झाला होता.

तात्यानं जोतीरामकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, मग पडलेल्या गडग्यातून पलीकडं पाहिलं.

"आन बैलं?" त्यानं विचारलं.

जोतीरामनं मागं वळून पाहिलं. "बैलं न्हाईत," तो म्हणाला.

"बैलं न्हाईत आन गाडी सोडलीस व्हय रं?"

एवढ्यात गडग्याच्या भगदाडातून नानासो आले. त्यांनी मेहुण्याला लागलं का ते विचारलं, खुर्चीचं पुढचं छोटं चाक वाकलंय ते पाहिलं, आणि टेप सोडली. "तात्या, नमस्कार. मी बनुबाईचा मालक. बरोब्बर बारा फूट लागतील तुमचे."

*

सयाजीला कॉटवरून काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आधी दगडांचा आवाज, मग आईचं "जोत्या मेला ग!", मग जोत्याचा न मेलेला आवाज. नंतर बनुबाई खुर्ची घेऊन आली, वाकड्या चाकावर डुगडुगत, आणि विजयमालेनं आणि तिनं मिळून त्याला खुर्चीत बसवलं आणि दाराशी आणलं. आता त्याला सगळं दिसलं. सोप्यातून जग दिसतं तेवढं, दाराच्या चौकटीएवढं.

कोंडीबातात्या अर्धी दाढी तशीच ठेवून भगदाडातून येत होता. जमिनीवर काठी टेकत तो पायऱ्यांपाशी आला आणि थांबला.

रंगूबाई वर दारात उभ्या होत्या, डोक्यावरून पदर ओढून. दिराशी भांडण असलं तरी पदर तो पदर.

"विजे," त्या म्हणाल्या, "भावजींस्नी म्हनावं, वर या. पावन्याला आमी अंगनात हुबं करत न्हाई."

तात्या त्यांच्यापासून सहा हातांवर होता. तरी विजयमाला दोन पायऱ्या खाली उतरली आणि म्हणाली, "मामंजी, आत्याबाई म्हनत्यात वर या."

"तिला सांग, मी हितंच बरा हाय."

"ते म्हनत्यात, बरं हाय," विजयमालेनं वर सांगितलं.

"बरं हाय म्हंजे? येत न्हाई म्हना की सरळ. आठ वर्सांनी दारात आला तरी ताठा गेला न्हाई म्हनावं."

"आत्याबाई म्हनत्यात, लय वर्सांनी आलासा."

"ऐकलं मी," तात्या म्हणाला. "मला कानाचं काय झाल्यालं न्हाई."

जोतीराम भगदाडात उभा राहून कपाळावरचं रक्त पुसत होता. "बघा! वर यायला कमीपना वाटतोय! म्हनून मी म्हनत हुतो, ह्यांच्या दारात जायाचं न्हाई!"

सयाजी मात्र तात्याच्या तोंडाकडं बघतच नव्हता, तो पायांकडं बघत होता. तात्यानं उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला होता. पाय तिथं थरथरला, काठीवर भार गेला, आणि पाय पुन्हा खाली आला. कुणी बघू नये म्हणून त्यानं धोतराचा सोगा सारखा केल्यासारखं केलं. पुण्याच्या वॉर्डात सयाजीनं दीड वर्ष असे पाय पाहिले होते. माणसं कशी कशी लपवतात तेही पाहिलं होतं. लष्करातला एक नायक तर पायाला आधाराचा पट्टा नको म्हणून ताप आल्याचं सोंग करायचा.

"तात्या," तो म्हणाला, "गुडघं का?"

तात्यानं काठीवरची पकड बदलली. अर्ध्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

"कवापास्नं?"

"झाली की सा-सात वर्सं," तात्या म्हणाला. मग एकदम काठी आपटून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "एक वरीस रुसलो हुतो. खरं हाय, रुसलो हुतो. शेवगा वाळला तवा म्हनलं, जावं आता वैनीकडं, च्या प्यावा. आलो बी हुतो, तुमी सारी रानात हुता. ही दुसरी पायरी चडली न्हाई मला. धरायला कायबी न्हाई. बसत बसत गेलो मागारी. मग कुनाला सांगायचं? रुसलोय म्हनलं की निदान मान तरी ऱ्हातोय."

रंगूबाईंचा पदर जरा मागं सरकला होता, तो त्यांनी सारखा केला नाही.

नानासोंनी खिशातून वही काढली. "म्हणजे उताराला दोन्ही बाजूंनी कठडा घ्यावा लागेल," ते म्हणाले. "तात्या, काठी सोडून सरळ उभे राहा. हाताची उंची घेतो."

"बारा फूट घ्या न्हाईतर परडं घ्या," तात्या म्हणाला. "पर कठडा चांगला मजबूत करा पावनं. आन ह्यो गडगा परत कुनी रचायचा न्हाई. जोत्या, तू मोडलास, दगडं तूच उचल."

"आज न्हाई," रंगूबाई वरून म्हणाल्या. आठ वर्षांत दिराशी त्या पहिल्यांदा सरळ बोलत होत्या. "आज पंचमी हाय. आज कुनी उकरायचं न्हाई, कापायचं न्हाई. विजे, च्या टाक. भावजींची बाज हितं अंगनात आना."

*

जेवणं झाली. बाया वारुळाला जाऊन आल्या. जोतीराम आणि नानासो वाकडं चाक सरळ करत बसले. त्यात जोतीरामनं ते आणखी एकदा वाकडं केलं. रंगूबाई चुलीपुढं एकट्याच बसून राहिल्या होत्या.

जमीन मिळाली, दीर परत आला, हे सगळं बरं झालं. पण उंबरा काढायला त्यांनी अजून होकार दिलेला नव्हता, आणि तो देणार नव्हत्या. सगळ्यांना वाटत होतं, सासूच्या वेळचा म्हणून. तेही होतंच. रोज सकाळी त्याला हळदीकुंकू लावून हाताला सवय झाली होती. पण खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चैत्रात त्या पलीकडच्या गावच्या देवऋष्याकडं जाऊन आल्या होत्या. त्यानं डोळे मिटून सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत पोरगा पायांवर चालत उंबरा ओलांडंल. उंबराच काढून टाकला तर पोरगा ओलांडणार काय?

चाकांचा आवाज आला. सयाजी स्वैपाकघराच्या दाराशी येऊन थांबला. तिथंही एक उंबरा होता, बारीक.

"आये, एक दिंड दे की."

त्यांनी ताटलीत दिंड घालून वर तूप घातलं. तो खात असताना त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"चाक नीट झालं?" 

"दाजींनी केलं. दादानं मोडलं. आता दाजी दादाला रानात धाडायचं बगत्यात." मग त्यानं ताटली मांडीवर ठेवली. "आये, बिराप्पा देवऋष्यानं काय सांगितलं ते मला ठावं हाय."

"कुनी सांगितलं? विजीनं?"

"बिराप्पानंच. बाजाराला आला की हितल्या पारावर बसतोय की त्यो. म्हनला, तुज्या आईची समजूत घातलीया. म्या म्हनलं, लय उपकार केलंस."

रंगूबाईंनी फुंकणी उचलली. फुंकणी हातात, पण चुलीत जाळ नव्हता.

"आये, मी चालायचा न्हाई."

"असं बोलू ने सनाचं."

"पुन्याचा मोटा डाक्टर सनाचं बी हेच बोलायचा. दिवाळीला चालायचा न्हाई, पुडल्या दिवाळीला बी न्हाई. मला पयल्या महिन्यातच सांगितलं हुतं. लय दिवस वाईट गेलं, ते तिकडंच गेलं. आता मला पायाचं काय वाटत न्हाई तेवढं." त्यानं सोप्याकडं मान वळवली. "पर दार दिसतंय आन भायेर जाता येत न्हाई, त्याचं वाटतंय. दादा येतो, उचलतो, जिथं ठेवंल तिथं बसतो मी. कंटाळा आला तरी बसतो. मुंगी चावली तरी बसतो. आठ वाजल्याशिवाय कुनी घरी आनत न्हाई. आये, मी काय गाठोडं हाय?"

रंगूबाईंनी फुंकणी खाली ठेवली. डोळ्यांत धूर गेल्यासारखा त्यांनी पदर लावला. मग उठल्या. फळीवरून सुतळीचा तुकडा काढला, खुर्चीपुढं बसल्या आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत सुतळी धरली. दोन बोटं जास्त सोडून गाठ मारली.

"एवडाच मधनं कापायचा," त्या म्हणाल्या. "दोनी कडंला टोकं ऱ्हाऊ द्यायची. मला हळदकुकू लावाय पायजे. आन परवा कापायचा. उद्या शिळासप्तमीची तयारी हाय म्हनून कुनी मला घाई करायची न्हाई."

"शिळासप्तमी परवा हाय आये."

"मग तेरवा कापा," रंगूबाई म्हणाल्या. "आन त्या बिराप्पाला मी बगते."

*

पुढचे पंधरा दिवस घरात कुणाचंच कुणाशी पटलं नाही. मात्र भांडणाच्या बाजू रोज बदलत होत्या. जोतीराम आणि कोंडीबातात्या एक झाले आणि नानासोंच्या विरुद्ध गेले, कारण त्यांना उतारावर गुळगुळीत फरशी हवी होती आणि नानासोंना खडबडीत सिमेंट. बनुबाई विश्रामबागेला परत गेली नाही. ती आणि आई मिळून विजयमालेच्या विरुद्ध होत्या, कारण ओल्या सिमेंटवरून कोंबड्या गेल्या त्या विजयमालेच्या. कठड्यासाठी नानासो एक दिवसाआड सांगलीहून एकेक पाइप घेऊन यायचे, आणि कंडक्टरनं आता त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं. न्हाणीत दांडा बसला. पहिल्या दिवशी आंघोळ करताना सयाजीनं आतून, कंडक्टर दोनदा घंटी मारतो तसा आवाज काढला, तेव्हा जोतीरामला इतकं हसू आलं की तो रानात जाऊन एकटाच हसत बसला. त्या संध्याकाळी पाठ रिकामी म्हणून तो तालमीत गेला आणि तिथल्या पोरांना डाव सांगू लागला.

गोकुळाष्टमीला उद्घाटन ठरलं. सयाजी नको नको म्हणत होता, पण सरपंच आप्पासो स्वतः म्हणाले, "गावच्या जवानाचा उतार हाय, नारळ मीच फोडनार." चार वाजताचा मुहूर्त. सकाळपासून विजयमालेनं उतारावर पाणी मारलं, रांगोळी काढली. गोळीचा विषय भाषणात काढायचा नाही, असं सयाजीनं आप्पासोंना तीनदा बजावलं होतं.

दुपारी जेवणं उरकून सगळे जरा आडवे झाले. तीनच्या सुमाराला विजयमाला चहाची भांडी काढायला उठली. तिनं सोप्यात पाहिलं. कॉट रिकामी. खुर्ची नाही.

"आत्याबाई! भावजी न्हाईत!"

जोतीराम उठला तो कुणाला न सांगता आधी विहिरीकडं धावला. तिथून परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता आणि कुठं गेला होता ते त्यानं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. कोंडीबातात्या उताराच्या तोंडाशीच बाज टाकून झोपला होता.

"तात्या, सयाजी हितनं गेला का?"

"कोन गेलं खरं," तात्या डोळे चोळत म्हणाला. "मला वाटलं सपनात कुनीतरी माळव्याचा हातगाडा घेऊन चाललंय."

रांगोळीवर चाकांच्या दोन रेघा होत्या. त्या तात्याच्या फाटकातून रस्त्याला लागल्या होत्या. रंगूबाई अनवाणीच निघाल्या. देवळापाशी चिखलात रेघा दिसल्या, पुढं पिठाच्या गिरणीपाशी दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या. स्टँडाजवळच्या केरबाच्या हॉटेलातून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला.

सयाजी तिथं होता. बाहेरच्या बाकाला खुर्ची लावून तिघांबरोबर पत्ते कुटत होता. बाजूला भज्यांची रिकामी ताटली. त्यानं जोरात पान आपटलं आणि समोरच्याला काहीतरी अशी शिवी दिली, की रंगूबाई कडुलिंबाच्या आड झाल्या.

मागून जोतीराम धापा टाकत आला. "सय..."

रंगूबाईंनी त्याचं मनगट धरलं. "हाक मारू नगंस."

"आगं, सरपंच यील आता!"

"यिऊ दे."

"मग त्येला उचलून..."

"जोत्या, चल घरी," रंगूबाई म्हणाल्या. "त्याचा डाव चाललाय."

चार वाजले. आप्पासो आले, नारळ आला, हार आला, शाळेचे मास्तर आले. पाच वाजले. दोनदा चहा झाला. नानासोंनी वेळ जावा म्हणून सगळ्यांना एकास बाराचं गणित समजावून सांगितलं, आणि आप्पासोंना पेंग आली. साडेपाचला तात्याच्या फाटकातून चाकं वाजली.

सयाजी घामानं निथळत होता. मनगटापर्यंत चिखल. त्यानं उताराला चाक लावलं आणि चढू लागला. निम्म्यावर आल्यावर हात थकले, खुर्ची थांबली, दोन बोटं मागं आली. जोतीराम पुढं झाला. रंगूबाईंनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं आणि तो होता तिथंच उभा राहिला. सयाजीनं कठडा धरला, श्वास घेतला, पुन्हा चाकं फिरवली. तीस फूट संपले. कापलेल्या उंबऱ्याच्या मधून खुर्ची घरात गेली. नारळ फोडायचा राहूनच गेला.

"कुटं उंडारत हुतास रं मुडद्या?" रंगूबाई कडाडल्या. "सारं गाव दारात ताटकाळलंय! सरपंच येऊन बसल्यात, च्या दोनदा झाला, मास्तरांची गाडी चुकली! जेवून उठला की चालला भायेर! सांगून जायाला तोंड न्हाई व्हय तुला? आन त्या केरबाची भजी खाऊन आलास व्हय? रातच्याला पोट दुखलं म्हनून माझ्याकडं येऊ नगंस!"

लोक चपापले. आप्पासो खडबडून जागे झाले. गेल्या दोन वर्षांत सयाजीशी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. डॉक्टर, नर्स, भाऊ, वहिनी, गाव, सगळे त्याच्याशी हळू बोलायचे, आजाऱ्याशी बोलतात तसे.

सयाजीनं मान खाली घातली. ओठ घट्ट दाबले तरी गाल हलत होते.

"चुकलं आये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, कुणाला न सांगता तो परत केरबाकडं गेला.